चौकशी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

एरवी या ब्लॉगवर आपण साखर, ब्लडप्रेशर, थायरॉईड, पावसाळ्यातला लेप्टो अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय औषधगोळीचा नाही, पण तुमच्या तब्येतीशी त्याचा संबंध आहेच.

मागच्या आठवड्यात टेंभीपाड्याच्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेला सातवा महिना. सोनोग्राफी ठीक, हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी काळजीचं काही नाही. तपासून झालं, गोळ्या लिहून दिल्या, तरी मावशी उठेनात. शेवटी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हिचं नाव पालिकेच्या प्रसूतिगृहातच घातलंय. ते टॉर्चवालं झालं होतं ना मागे... पण आता चौकशी झाली ना? मग ठीक असेल ना?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. चौकशी झाली म्हणजे आता ठीक असेल, असं आपण सगळेच धरून चालतो. ते खरं आहे का?

भांडुपकरांना जुन्या गोष्टी वेगळ्या सांगायला नकोत, तरी एकदा उजळणी करू. २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्री ड्रीम्स मॉलला आग लागली. त्या मॉलच्या वरच्या मजल्यावर सनराइज नावाचं कोविड हॉस्पिटल चालू होतं. दहाहून अधिक रुग्ण गेले. मॉलमध्ये हॉस्पिटल पाहून तेव्हा अनेकांना धक्का बसला होता, पण परवानगी तर कागदोपत्री मिळालेली होती. त्याच वर्षी डिसेंबरात सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहातल्या नवजात अतिदक्षता विभागात काही दिवसांत चार बाळं दगावली. विधानसभेत प्रश्न आला, वैद्यकीय अधिकाऱ्याचं निलंबन जाहीर झालं, चौकशीही जाहीर झाली. मग २९ एप्रिल २०२४. सुषमा स्वराज प्रसूतिगृहात सिझेरियनच्या वेळी वीज नव्हती, जनरेटर चालला नाही आणि ऑपरेशन मोबाइलच्या टॉर्चवर झालं. बाळ गेलं. आईला सायनला हलवलं, तीही गेली. पुन्हा चौकशी.

तीन घटना, तिन्ही आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. त्यातल्या प्रत्येक चौकशीत नेमकं काय सापडलं, हे माझ्या ओपीडीत येणाऱ्या दहा जणांना विचारून बघा. निलंबन कुणाचं झालं ते दोघं-तिघं सांगतील. जनरेटर का चालला नाही, ते कुणी सांगणार नाही. मला विचाराल तर गोम तिथेच आहे.

हलगर्जी आणि पैसा

हॉस्पिटलात काही वाईट घडलं की त्यामागे तीनपैकी एखादी गोष्ट असू शकते. पहिली, आजारच तसा होता आणि कुणाचीही चूक नव्हती. हेही होतं, आणि बरंच होतं. दुसरी हलगर्जी, म्हणजे करायला हवं होतं ते कुणीतरी केलं नाही. तिसरी लबाडी. लबाडी बहुतेक वेळा त्या रात्रीची नसते, महिनोन्‌महिने आधी कागदावर झालेली असते. दुरुस्तीचं बिल निघतं पण दुरुस्ती होत नाही. एमडी डॉक्टरचे पैसे घेतले जातात आणि ड्युटीला भलताच कुणी उभा असतो. औषध एका दर्जाचं मागवलं जातं, येतं दुसऱ्याच दर्जाचं.

आपल्याकडे चौकशी जवळजवळ नेहमी दुसऱ्या गोष्टीची होते. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं, कॉल किती वाजता गेला, सिस्टर कुठे होत्या. हे प्रश्न सोपे आहेत. उत्तरं दोन दिवसांत मिळतात आणि समोर एक माणूस सापडतो, ज्याचा फोटो छापता येतो. तिसऱ्या गोष्टीसाठी मात्र टेंडरची फाइल उघडावी लागते, आणि त्या फाइलवर सह्या मोठ्या लोकांच्या असतात.

जवळचंच उदाहरण मुलुंडच्या एम. टी. अगरवाल हॉस्पिटलचं. भांडुपचे कितीतरी पेशंट तिथे जातात, मीही पाठवतो. तिथल्या आयसीयूला डॉक्टर पुरवण्याचं कंत्राट पालिकेने बाहेरच्या एका संस्थेला दिलं होतं. आयसीयूत लावलेल्यांपैकी काहींकडे लागणारी पात्रताच नव्हती, असा आरोप झाला. हा आरोप कुणाच्या अंतर्गत ऑडिटमधून पुढे आला नाही. त्या आयसीयूत आपला भाऊ गमावलेल्या एका माणसाने तो लावून धरला आणि अखेर न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील, आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण क्रम लक्षात घ्या. भाऊ गेला २०१८ साली. गुन्हा नोंदवला गेला पाच वर्षांनी, तोही न्यायालयाने सांगितल्यावर. मधल्या काळात त्या आयसीयूच्या बिलांवर दरमहा कुणीतरी सही करतच असणार. 'सेवा समाधानकारक' असं लिहूनच बिल पास होतं.

मी पाहिलेली एक चौकशी

हे ऐकीव नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी उपनगरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ज्युनियर होतो. नाव सांगत नाही, आणि तुम्ही ओळखायचा प्रयत्न करू नका, कारण तिथली माणसं आता बदललीत. आमच्या थिएटरमध्ये टाके घालायचा धागा सारखा कमी पडायचा. नातेवाइकांना चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला सांगायचो. रजिस्टरमध्ये मात्र धाग्याचे डबेच्या डबे आलेले आणि वापरलेले दिसत होते.

कुणीतरी निनावी पत्र टाकलं, चौकशी लागली. समितीत तीन जण. त्यातले एक खरेदी समितीवरही होते, म्हणजे ज्या खरेदीची चौकशी तिच्यावर त्यांचीच सही. समिती दोन दिवस बसली. स्टोअरचं रजिस्टर मागवलं, थिएटरचं रजिस्टर मागवलं, दोन्हींची बेरीज जुळवली. जुळली. जुळणारच, कारण दोन्ही रजिस्टरं एकच माणूस लिहीत होता. मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "सर, त्या महिन्यातले ऑपरेशनचे केस पेपर काढा. किती ऑपरेशनं झाली आणि एका ऑपरेशनला किती धागा लागतो, एवढं मोजा." साहेब म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही तुमचं काम करा, हा हिशोबाचा भाग आहे."

शेवटी थिएटरचा एक वॉर्डबॉय निलंबित झाला. त्याच्या कपाटात चार पाकिटं सापडली होती. चार! डबे कुठे गेले ते कुणी विचारलं नाही. तो वॉर्डबॉय अगदी धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही, पण पुरवठादाराच्या बिलावर त्याची सही नव्हती. महिनाभराने मी पुन्हा चिठ्ठ्या लिहीत होतो, बाहेरून धागा आणा म्हणून.

मी तेव्हा आणखी काही केलं नाही. नोकरी नवी होती, घरी आई आजारी होती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तुमच्याशी बोलायचं तर तेवढं सांगितलंच पाहिजे.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट मात्र शिकलो, ती आजही उपयोगी पडते. हॉस्पिटलातली लबाडी हिशोबाच्या कागदावर लपवता येते, रुग्णाच्या कागदावर लपवणं फार अवघड असतं. केस पेपर, नर्सिंग नोट्स, भूल दिल्याची नोंद, व्हेंटिलेटरचा चार्ट हे सगळं रात्री-बेरात्री, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शाईत लिहिलेलं असतं. हजेरीपटावर डॉक्टर अमुक हजर आहेत आणि त्याच रात्री आयसीयूच्या तीस पेशंटांच्या कागदांवर त्यांची एकही नोंद नाही, हे केस पेपर उघडल्याशिवाय कळणार नाही. जनरेटरचंही तसंच. देखभालीचं बिल एकीकडे आणि दर आठवड्याला चालवून पाहिल्याची नोंद दुसरीकडे. नोंदीच्या वहीत सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर बघणाऱ्याला बरंच समजतं. वही मागायची तसदी मात्र घ्यावी लागते.

जवळ उभा असलेला माणूस

चुकीची चौकशी फक्त चोराला सोडत नाही, ती निरपराध माणसालाही धरते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूला आग लागली, अकरा रुग्ण गेले, आणि अटक झाली ती कामावर असलेल्या एका तरुण महिला डॉक्टरला आणि परिचारिकांना. त्या माणसांच्या हातून काहीच चुकलं नसेल असा दावा मी करत नाही, मी तिथे नव्हतो. पण इमारतीतली आग विझवायची यंत्रणा परिचारिका बसवत नाही. तिचा प्रस्ताव, मंजुरी आणि निधी हे सगळं तिच्या कितीतरी पायऱ्या वर ठरतं.

गोरखपूरचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये ऑक्सिजन तुटला आणि मुलं दगावली. पुरवठादाराची लाखो रुपयांची थकबाकी होती, तो पत्रं पाठवत होता. त्या रात्री सिलिंडरसाठी धावपळ करणाऱ्या डॉ. काफील खान यांना अटक झाली आणि ते सुमारे आठ महिने तुरुंगात राहिले. जामीन देताना अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या वैयक्तिक हलगर्जीचा पुरावा नसल्याचं म्हटलं. बिल का थकलं हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात मागे पडला.

याचा तुमच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, ते सांगतो. ज्या हॉस्पिटलात एकदा असा बळी दिला जातो, तिथले डॉक्टर आणि सिस्टर पुढे जोखीम घ्यायचं सोडून देतात. अडलेली बाई आली की 'इथे सोय नाही, सायनला न्या' हा सगळ्यात सुरक्षित सल्ला ठरतो. डॉक्टरसाठी सुरक्षित, बाईसाठी नव्हे. भांडुपहून सायनपर्यंत एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये ॲम्ब्युलन्सला किती वेळ लागतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि जे खरंच यंत्रणा बिघडल्याची तक्रार वर लिहून पाठवत होते, ते लिहायचं बंद करतात. लिहिलेलं पत्र उद्या आपल्याच विरुद्ध वापरलं जाईल, ही भीती असते.

बाटलीचा माग

चांगली चौकशी कशी असते हे सांगायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. ती मुंबईतच झाली आहे.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. हॉस्पिटलात विचित्र मृत्यू होऊ लागले. कुणी डोक्याच्या ऑपरेशनचा पेशंट, कुणी डोळ्याचा. आजार वेगवेगळे, पण सगळ्यांची लघवी बंद व्हायची, मूत्रपिंडं बसायची. चौदा जण गेले. सगळ्यांत समान धागा एकच होता, ग्लिसरॉल. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करायला हे गोडसर द्रव तेव्हा तोंडाने देत असत. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं.

हा पदार्थ काय आहे ते थोडक्यात समजून घ्या, कारण तो पुन्हा पुन्हा येतो. कारखान्यात वापरलं जाणारं हे रसायन दिसायला ग्लिसरीनसारखंच दाट, चवीला गोड आणि किमतीला स्वस्त असतं. पोटात गेल्यावर शरीरात त्याचं रूपांतर विषारी आम्लात होतं आणि मूत्रपिंडाच्या पेशी मरतात. आधी पोटदुखी आणि उलट्या, मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होत बंद. अमेरिकेत १९३७ साली एका औषधाच्या सिरपमध्ये हेच होतं, शंभरावर माणसं मेली आणि तिथे औषधांचा नवा कायदा आला. २०२२ मध्ये गांबियात मुलं दगावली आणि भारतात बनलेल्या कफ सिरपवर बोट ठेवलं गेलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पुन्हा कफ सिरप आणि पुन्हा हेच रसायन. (म्हणूनच लहान मुलांना स्वतःच्या मनाने कफ सिरप देऊ नका, असं मी या ब्लॉगवर किती वेळा लिहिलं असेल, मलाच मोजता येणार नाही.)

जे. जे. प्रकरणात सुरुवातीला चौकशी नेहमीच्या रस्त्यानेच जाऊ शकली असती. ज्या सिस्टरने डोस दिला ती, ज्या स्टोअरकीपरने बाटली दिली तो. पण उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि त्यांनी बाटलीचा माग काढला. वॉर्डातून स्टोअरमध्ये, स्टोअरमधून खरेदीच्या निर्णयापर्यंत, तिथून पुरवठादाराकडे, पुरवठादाराला मोकळं सोडणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि तिथून थेट मंत्र्यांपर्यंत. साक्षी उघडपणे झाल्या, मोठमोठे अधिकारी आणि राजकारणी साक्षीला उभे राहिले. अहवाल आला तेव्हा आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं.

त्यानंतर सगळं सुधारलं का? नाही. छिंदवाडा आत्ताचं आहे. पण चौदा माणसं कशाने आणि कुणामुळे गेली, हे त्या अहवालामुळे मुंबईला निदान कळलं तरी. भांडुपच्या बाळांबद्दल, त्या आईबद्दल आपल्याला एवढं तरी कळलंय का?

स्वतःचं पोट स्वतः उघडणारा सर्जन

आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. चौकशी कोण करतं? पालिकेच्या हॉस्पिटलात काही झालं की पालिकेचेच वरिष्ठ डॉक्टर समितीत असतात. ते वाईट माणसं असतात असं नाही. त्यातले काही माझे गुरू आहेत. पण ज्या खात्याने कंत्राट दिलं त्याच खात्यात त्यांची बढती, बदली आणि पेन्शन अडकलेलं असतं. कुठलाही सर्जन स्वतःच्या पोटाचं ऑपरेशन स्वतः करत नाही, कितीही हुशार असला तरी.

पुण्यातलं मे २०२४ चं पोर्श अपघाताचं प्रकरण आठवा. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ससूनमध्ये त्या अल्पवयीन मुलाचं रक्त फेकून दिलं गेलं आणि त्याजागी दुसऱ्याचं रक्त ठेवलं गेलं. हे उघडकीस कसं आलं? दुसरा नमुना दुसऱ्या हॉस्पिटलात घेतला होता आणि डीएनए जुळेना. ससूनचेच डॉक्टर अटकेत गेले. दुसरीकडे नमुना घेतला नसता, तर ससूनचा कागद हाच शेवटचा पुरावा ठरला असता. तपास दुसऱ्या घरात व्हावा, हे इथे अगदी रक्ताच्या थेंबातून सिद्ध झालं.

कायद्यातही हीच अडचण आहे. डॉक्टरवर हलगर्जीचा फौजदारी गुन्हा नोंदवण्याआधी दुसऱ्या निष्पक्ष, जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं. मी स्वतः डॉक्टर आहे, मला हा निकाल योग्य वाटतो. नाहीतर प्रत्येक मृत्यूमागे एक डॉक्टर लॉकअपमध्ये दिसेल. पण हे संरक्षण उपचाराच्या निर्णयासाठी आहे. बनावट हजेरी, खोटं बिल, पात्रता नसलेला माणूस आयसीयूत उभा करणं हा उपचाराचा निर्णय नव्हे. तिथे वैद्यकीय मत येईपर्यंत थांबायचं काय कारण? तरीही दोन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये घालतात, फाइल 'मतासाठी' सरकारी हॉस्पिटलकडे जाते आणि वर्षं निघून जातात.

खासगीतले लोक यावर खूश होऊन म्हणतील, बघा, म्हणून आमच्याकडे या. थांबा. रेफर केलेल्या पेशंटमागे मिळणारं कमिशन, ज्याला आम्ही 'कट' म्हणतो, ते खासगीतलंच दुखणं आहे. त्याविरुद्ध कायदा करायला २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मसुदा तयार झाला. कायदा नाही झाला. आमच्या डॉक्टर मंडळींच्या संघटनांनी त्यासाठी किती जोर लावला, यावर न बोललेलं बरं.

मग मावशींना काय सांगायचं?

पालिकेचं प्रसूतिगृह सोडा, असं मी सांगणार नाही. भांडुपमधल्या हजारो घरांना दुसरा पर्याय नाही आणि तिथल्या बहुतेक सिस्टर आणि डॉक्टर मी पाहतो त्याप्रमाणे जीव तोडून काम करतात. पण 'चौकशी झाली' या दोन शब्दांवर विसंबू नका. त्याऐवजी काही साधे प्रश्न विचारा, आधी, नाव घालतानाच. रात्री सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ इथेच असतात की बोलवावे लागतात? लाइट गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो का? रक्त लागलं तर कुठून येतं? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर इथे सोय आहे की दुसरीकडे न्यावं लागेल? हे प्रश्न विचारल्यावर कुणी चिडलं तर चिडू दे. चांगल्या सिस्टर चिडत नाहीत, त्या उत्तर देतात आणि कधीकधी हळू आवाजात खरं उत्तर देतात.

डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतं. नाव विचारण्यात अपमान नाही, माझंही शोधा. आणि काही विपरीत घडलंच, तर पहिल्या दिवशी रडण्याबरोबर एक काम करा, किंवा घरातल्या कुणाला करायला सांगा. इंडोर केस पेपरची पूर्ण नक्कल लेखी अर्ज करून मागा. नुसतं डिस्चार्ज कार्ड किंवा मृत्यूचा दाखला पुरत नाही. मागितल्यापासून ७२ तासांत कागद दिले पाहिजेत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. उशिरा मिळालेले कागद आणि लगेच मिळालेले कागद यांत कधीकधी फरक असतो, एवढंच म्हणतो.

पालिकेचं हॉस्पिटल माहिती अधिकारात येतं. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. पण 'चौकशीचं काय झालं' असं मोघम विचाराल तर 'चौकशी सुरू आहे' असंच उत्तर येईल. कागद मागा. गेल्या वर्षभरातली जनरेटर चालवून पाहिल्याची नोंदवही. देखभालीच्या कंत्राटाची प्रत आणि त्यावर दिलेली बिलं. कंत्राटी डॉक्टरांचा हजेरीपट आणि त्यांच्या नोंदणीचे क्रमांक. चौकशी समितीच्या अहवालाची प्रत. नाही म्हणाले तर कुठल्या कलमाखाली ते लेखी द्यायला सांगा, अपील करा. पैशाची मागणी झाली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. ट्रस्टच्या हॉस्पिटलांसाठी धर्मादाय आयुक्त आहेत. त्या हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्या खाटा खरंच कुणाला मिळतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हे सगळं दुःखात असलेल्या माणसाने करायचं का? नाही करायला लागायला पाहिजे, हे मला मान्य आहे. अगरवालच्या प्रकरणात मात्र एका भावानेच ते केलं.

काल मावशींना फोन केला. त्या रविवारी सुनेला घेऊन प्रसूतिगृहात जाणार आहेत आणि जनरेटरचं विचारणार आहेत. मुलगा म्हणतो, उगाच कशाला, त्यांना राग येईल. मी म्हटलं, मावशी, चिठ्ठीवर माझं नाव लिहा, डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय म्हणा. तारीख जून महिन्यातली आहे. पहिल्या पावसात आपल्याकडे लाइट जाते, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.